शेला परत करा, नाहीतर पैसे

प्रति,
गेम कंपनीचे सन्माननीय मालक, चालक आणि आमच्या खिशाचे पालक यांस,

निर्मळ, तालुका वसई येथून एका गिऱ्हाइकाचा साष्टांग नमस्कार.

आपली नोटीस पावली. ‘या सुंदर प्रवासात साथ दिल्याबद्दल आभार’ असं वाचून वाटलं, काहीतरी भेट देताय. तिसऱ्या ओळीत उलगडा झाला. महिनाअखेरीस सर्व्हर बंद, शिल्लक डायमंड (तुमच्या गेममधलं चलन), स्किन, बॅटल पास सगळं बाद, आणि पैसे परत मिळणार नाहीत. खाली एक लाल बदाम. इतक्या वर्षांत तुमच्याकडून फुकट मिळालेली ही पहिलीच वस्तू, म्हणून जपून ठेवली आहे.

डायमंड शंभराच्या पटीत विकायचे आणि वस्तूची किंमत एकशेवीस ठेवायची, हे आम्ही सोसलं. तक्रार केली की एक यंत्र ‘आम्ही तुमच्या भावना समजतो’ म्हणतं, तेही सोसलं. पण दिवाळी नाही सोसवत, साहेब.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री तुम्ही महासेल लावलात. त्यात गेममधल्या आमच्या गड्यासाठी मोराच्या काठाचा शेला होता. सरळ विकत मिळायचा नाही, क्रेट उघडायचे आणि नशिबात असेल तर निघायचा. क्रेटमागून क्रेट उघडले, तेव्हा निघाला. कार्तिक वद्य एकादशीला आमच्या गावची यात्रा लागली, त्याच आठवड्यात तुमची नोटीस. शेला अंगावर चढून महिनासुद्धा झाला नव्हता. एवढा मोठा कारभार गुंडाळायचं कोणी एका रात्रीत ठरवत नाही. सेल लावताना तुम्हांला ठाऊक होतं. ठाऊक होतं आणि तरी विकलंत! याला आमच्याकडे व्यवसाय म्हणत नाहीत. जे म्हणतात ते छापता येत नाही.

आमच्या यात्रेत रिंगवाला बसतो. साबणाच्या वड्या, बाहुल्या, स्टीलचे डबे मांडतो आणि रिंगा विकतो. रिंग डब्यावर बसता बसत नाही, हे पोरांनाही माहीत असतं. पण डबा डोळ्यांसमोर असतो, आणि चुकून बसलीच रिंग तर डबा घरी येतो. यात्रा उठली म्हणून रिंगवाला घरोघर फिरून डबे गोळा करत नाही.

तुम्ही म्हणाल, अटी वाचा. वाचल्या. शेला आमच्या मालकीचा कधीच नव्हता, फक्त वापरायचा परवाना होता. मग बटणावर ‘विकत घ्या’ असं का लिहिलं होतं? ‘भाड्याने घ्या, आमची लहर असेतो’ असं लिहायला जागा पुरत नव्हती का?

बंद पडणं आम्हांला नवं नाही. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली, फेब्रुवारी 2022 मध्ये फ्री फायर गेला. ती सरकारची बंदी होती, दुकानदार स्वतःहून शटर ओढून पळाला नव्हता. आणि 2021 मध्ये पबजीच नव्या नावाने परतला, तेव्हा जुन्या खात्यातला माल नव्या खात्यात हलवायची सोय दिली होती. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

2025 साली दिल्लीत ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ बंद झाले. तुम्ही सहीसलामत सुटलात, कारण तुमच्याकडे कोणी काही जिंकतच नाही. पैसे फक्त एकाच दिशेने जातात.

तिकडे युरोपात लोक हटून बसले आहेत. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ हा विकत दिलेला गेम मार्च 2024 अखेर बंद केला, त्यावरून मोहीम उभी राहिली आणि 2025 च्या जुलैपर्यंत दहा लाखांवर सह्या झाल्या. मागणी साधी आहे: सर्व्हर बंद करा, पण विकलेला गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडा. आम्ही नालासोपाऱ्याला लोकलमध्ये शिरायलाच अर्धी ताकद घालवतो, मोहीम कधी काढणार?

एक मात्र सांगायचं राहिलं. तो शेला ज्याने रेखाटला, त्याला आमचा नमस्कार कळवा. उडी मारली की काठ आधी उलगडतो आणि मोराची मान मागून येते. खेळताना तिकडे कोणाचं लक्षही जात नाही, तरी कोणीतरी रात्री जागून ते केलंय. त्या पोरालाही तुम्ही असंच बदामवालं पत्र धाडलं असणार. 2024 च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने गेमिंगमधली 1,900 माणसं एका फटक्यात कमी केली. तुमच्याकडे किती गेली ते नोटिशीत नव्हतं. आमचा तर शेलाच गेला, त्याचा पगार गेला. त्याच्यावर राग धरवत नाही, आणि तुम्हांला तेच हवं असतं म्हणून जास्तच संताप येतो.

तर मागणी दोनच: दिवाळीपासून जे विकलंत त्याचे पैसे ज्या खात्यातून आले त्या खात्यात परत टाका; आणि त्या पोराला दुसरीकडे काम लागलं असेल, तर नवा गेम कोणता तेवढं कळवा. पैसे आधी.

आपला,
परवानाधारक