दामाजीपंतांचे चुकलेले मार्केटिंग

मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आता ती डेटा ॲनालिटिक्सने विकावी, हे उत्तमच. पुण्याचा ग्राहक रात्री अकराला ज्वारीच्या फोटोवर रेंगाळला आणि पिझ्झा मागवून झोपला, हे शेतकऱ्याला बांधावर बसून कळेल. पाऊस कधी येणार ते कळणार नाही. पण तो विषय वेगळ्या खात्याचा.

याउलट याच मंगळवेढ्याचे अंमलदार दामाजीपंत! दुष्काळात सरकारी कोठारे उघडली, तीही ना टार्गेट ऑडियन्स ठरवून, ना कन्व्हर्जन रेट पाहून. येईल त्याला धान्य. तरीही कथेप्रमाणे बिदरच्या दरबारी रक्कम चुकती झाली. ती भरणारा विठू कोणत्या जाहिरातीवरून आला, याची नोंद नाही. वयोगटाच्या रकान्यात अठ्ठावीस युगे बसत नाहीत. असा ग्राहक सिस्टीमने पहिल्याच चाळणीत बाद केला असता.