पाया दोन फूट, छत्री सात फूट

गुहागरचा किनारा सहा किलोमीटरचा आणि त्याच्या कडेला सुरूचं बन. सावली हवी असेल त्याने बनात बसावं, इतकी चोख व्यवस्था असताना पुण्याहून तिथे छत्री वाहून नेण्याचं खरं तर काही कारण नव्हतं. पण बन मागे राहतं आणि पाणी पुढे. मे महिन्यात ओहोटीच्या वेळी मधली वाळू अशी तापते की सभ्य माणूससुद्धा ती ओलांडताना नाचतो. त्यात आमची दोन्ही कार्टी पाण्यात. "बनात बसून यांच्यावर लक्ष ठेवायचं तर दुर्बीण लागेल," असं बायकोने जाहीर केलं. दुर्बिणीपेक्षा छत्री स्वस्त पडेल असा हिशेब करून मी सासूबाईंना घेऊन बोहरी आळी गाठली. घासाघीस त्यांच्याकडे आणि पिशव्या माझ्याकडे, अशी आमच्यात जुनी वाटणी आहे.

"समुद्रावर लावायची छत्री आहे का?"

दुकानदाराने मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुठल्या समुद्रावर?"

त्याने आधी काढली ती गार्डन छत्री. रसवंतीच्या गाड्यावर असते ना, तीच. लोखंडी काड्या, भक्कम दांडा आणि खाली उभी करायला सिमेंटचा ठोकळा. ठोकळा डिकीत बसला असता, फक्त मग सासऱ्यांना टपावर बसवावं लागलं असतं. शिवाय लोखंडी काडी एकदा वाकली की वाकलेलीच राहते आणि खाऱ्या हवेत गंजते ते वेगळंच. दुकानदार मनाने चांगला असावा. "ही पावसात उभी राहील, समुद्रावर नाही," असं म्हणून त्याने स्वतःच ती मिटली आणि माळ्यावरून दुसरी काढायला लावली.

या दुसरीच्या काड्या फायबरग्लासच्या होत्या. त्याने एक काडी टोकाला धरून चांगली वाकवली आणि सोडली. ती सटकन सरळ झाली. आतून रुपेरी अस्तर आणि एका कोपऱ्यात ‘यूपीएफ 50’ अशी पट्टी शिवलेली. म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा पन्नासातला एकच भाग कापडातून आत येतो. शेंड्याला मात्र कापड दोन थरांचं आणि दोन थरांमध्ये चांगली बोटभर फट. सासूबाईंनी तीत चार बोटं घालून पाहिली आणि माल सदोष असल्याचं सांगून शंभर रुपये कमी करायला लावले. ती फट मुद्दाम ठेवलेली असते. खालून शिरलेला वारा तिथून निसटतो, म्हणून छत्री उलटत नाही. हे दुकानदाराला माहीत होतं आणि मलाही. पण बोहरी आळीत सासूबाईंना भौतिकशास्त्र समजावण्याची हिंमत आम्हा दोघांपैकी कुणाकडेच नव्हती.

रात्री न्यू जर्सीहून मेव्हण्याचा व्हिडिओ कॉल आला. तिथे दर उन्हाळ्यात तो समुद्रावर जातो, त्यामुळे छत्री या विषयातला घरचा तज्ज्ञ तोच.

"जिजाजी, छत्री सोडा, अँकर घेतला का? दांड्याखाली मळसूत्री टोक हवं. ते वाळूत फिरवत फिरवत बसवायचं."

अमेरिकेत हा थट्टेचा विषय नाही. व्हर्जिनिया बीचवर 2016 साली वाऱ्याने उपटलेली छत्री लागून एक बाई दगावली. पुढे 2024 मध्ये तिथे समुद्रावरच्या छत्र्यांसाठी रीतसर मानक निघालं. अँकरसकट छत्रीने सुमारे 34 किलोचा जोर सोसला पाहिजे आणि ताशी 48 किलोमीटरच्या वाऱ्यात जागा सोडता कामा नये, असं ते सांगतं. वाऱ्याचा हिशेब मोठा वाईट असतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. कापड कितीही महागाचं घ्या, शेवटी सगळा मामला वाळूत किती खोल गेलात यावर येतो.

ही शेवटची गोष्ट फोनवरून कानावर पडली आणि कोपऱ्यात पेपर वाचणारे अण्णा जागे झाले. आमचे सासरे सार्वजनिक बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले. "पाया किती घेणार आहात, जावईबापू?" त्यांनी विचारलं. छत्रीला आजवर कुणी पाया विचारला नव्हता. मी घाबरून "दोन फूट" म्हणालो. त्यांनी चष्म्यावरून पाहत मान डोलावली आणि दोन फूट मंजूर झाले.

गुहागरला सकाळी नवाला समुद्र अगदी निजलेला होता. आम्ही उतरलो होतो त्या घरचे काका अंगणात सुपाऱ्या उलटत म्हणाले, "आत्ता काय, आत्ता कागदाची छत्रीसुद्धा उभी राहील. वारा बारानंतर यायचा." शाळेत खारे वारे आणि मतलई वारे यांवर टीप लिहून आपण दोन गुण मिळवलेले असतात, पण ते कातडीला लागतात इथे. जमीन पाण्याआधी तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते. दुपारी दोन-तीनला तिचा जोर चांगलाच वाढलेला असतो.

दहा वाजता पायाभरणी सुरू झाली. अण्णा डोक्याला पंचा गुंडाळून उभे. वरची वाळू कोरडी. जेवढी काढावी तेवढी परत आत घसरते. हातभर खाली गेल्यावर ओली, काळपट, मुठीत धरली की आकार घेणारी वाळू लागते. दांडा तिच्यात शिरला तरच काम. "अरे, ठोकू नका, ठोकू नका! मागे-पुढे हलवत खाली न्या!" अण्णांनी बजावलं. मग मळसूत्र फिरवलं, वाळू भरली, वरून बादलीने पाणी घातलं आणि रोलर उपलब्ध नसल्याने दोन्ही नातवंडांना भोवती उड्या मारायला लावलं. अण्णांनी दांड्याला खांदा लावून पाहिला. तो हलला नाही. आता पूर्णत्वाचा दाखला मागावा, असं मला फार वाटलं.

मग प्रश्न आला छत्री कलती कुठे करायची याचा. मेव्हण्याने झोप मोडून फोनवर हजेरी लावली होती. "शेंडा वाऱ्याकडे. पण मग ऊन पाठीवर येतं. एक काहीतरी निवडा." त्याचं त्याच्या जागी बरोबर होतं. न्यू जर्सीचा समुद्र पूर्वेला. दुपारी वारा समुद्राकडून येतो आणि सूर्य पाठीमागे जमिनीकडे कललेला असतो. छत्रीने तोंड द्यावं कुणाला? कोकणचा समुद्र पश्चिमेला. इथे दुपारचा वारा आणि दुपारचं ऊन, दोघेही एकाच दिशेने चालून येतात. शेंडा समुद्राकडे कलता केला की दोघांचा बंदोबस्त एकदम होतो. न्यू जर्सीतल्या घराबद्दल इतकी वर्षं ऐकून घेतल्यावर मला हा मुद्दा जरा सावकाश, दोनदा समजावून सांगता आला.

साडेबाराला मात्र कलतं-बिलतं काही चालेना. मेच्या दुसऱ्या आठवड्यात गुहागरला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गोळा होते. सात फुटी छत्रीची सावली सात फुटी वर्तुळ. त्यात सहा माणसं, कोकम सरबताचा कॅन आणि फणसपोळ्यांची पिशवी. सासूबाई मध्यभागी दांड्याला टेकून बसल्या. अण्णांना परिघावर जागा मिळाली. मी तर सरळ उन्हातच होतो, पण एक हात सावलीत होता.

दोन वाजता वारा आला. शेजारच्या कुटुंबाची पावसाळी काळी छत्री पहिल्याच झोतात उलटली. पलीकडची एक रंगीत छत्री तर मालकाला सोडून निघाली आणि काड्यांवर गोल फिरत पाऊण किनारा पार करून गेली. लोक हसले, पण तिचं टोकदार बूड पाहून मी मुलांना जवळ ओढलं. आमची छत्री करकरली, काड्या वाकल्या, शेंड्याची फट फडफडली आणि दांडा जागचा हलला नाही. अण्णांनी कुणाचं कौतुक केलं नाही; खात्यात तशी पद्धत नसावी.

चारनंतर ऊन तिरपं झालं तशी सावली दांडा सोडून मागे सरकत गेली आणि कोल्हापूरच्या काही मंडळींच्या सतरंजीवर जाऊन पडली. छत्री आमची, पाया अण्णांचा, सावली त्यांची. त्यांनी दिलेला भडंग उत्तम होता, त्यामुळे तक्रार केली नाही.

छत्री घ्यायला जाल तर रंग शेवटी बघा. आधी काडी वाकवून बघा, शेंड्याला फट आहे ना ते पाहा, दांड्याला मळसूत्र मागा. वाळू पोटऱ्यांना टोचायला लागली की अभिमान न धरता छत्री मिटा. क्रीमही लावा. कोरडी वाळू साधारण 15 टक्के अतिनील किरण खालून परत फेकते आणि टेक्सासमधल्या एका प्रयोगात, 2017 मध्ये छापून आलेल्या, नुसत्या छत्रीखाली बसलेल्यांपैकी 78 टक्के लोक भाजून निघाले होते. आणि छत्रीबरोबर फावडं मिळत नाही, ते वेगळं घ्यावं लागतं.