आठ मीटरवरचे डोळे

अहो वहिनी, ते पाणी घालणं राहू द्या क्षणभर, भिंतीपाशी या. भांडायला नाही हो बोलवत. पण काल रात्री तुमचे चिरंजीव गाडी घेऊन फाटकात शिरले आणि आमच्या दिवाणखान्यात उजाडलं! हे तर उठून चहाचं आधण ठेवायला निघाले.

हो, कळलं मला, नवीन बसवलेत. टपावर एलईडीची लांबलचक पट्टी, हेडलाइटला पांढरेशुभ्र बल्ब आणि पुढच्या जाळीत ते लाल-निळं लुकलुकणारं. नाना पेठेतून ना? वाटलंच. "सगळेच लावतात, काही होत नाही," असं म्हणाला असेल दुकानवाला. त्याचं काय जातंय? दंड गाडीच्या मालकाला.

माझा जन्म संगम पुलाजवळच्या आरटीओत फायली चाळण्यात गेला, हे काय तुम्हाला नवीन आहे? मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम मला झोपेतून उठवून विचारा. कंपनीनं गाडी जशी बनवली आणि आरसीवर जशी नोंदली, तीत परस्पर फेरफार चालत नाही. जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानं केरळच्या एका खटल्यात हेच ठणकावलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. मालकानं असा बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, बरं का! आता तुमच्या गाडीवरचे मोजा. नाही, घाबरू नका. बल्बपायी कोणी येरवड्याला गेल्याचं मी तरी ऐकलं नाही.

काय म्हणता? नुसता बल्ब बदलणं हा फेरफार कसा? हे मात्र अगदी वकिली बोललात. बल्ब उडाला, त्याच जातीचा, तेवढ्याच वॉटचा दुसरा घातला, तर कोण विचारतंय? पण ऐका. पुष्कळ गाड्यांना हॅलोजनचा एच-फोर बल्ब येतो, ६०/५५ वॉटचा. त्यात डिपरच्या तारेखाली इवलीशी पत्र्याची वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून झोत वर न जाता रस्त्यावर पडतो. मागचा चकचकीत रिफ्लेक्टर त्याच तारेचं ठिकाण धरून घडवलेला असतो. तिथे भलताच एलईडी खुपसला की उजेडाची जागा सरकते आणि झोत वाटेल तिकडे उधळतो. चालवणाऱ्याला वाटतं, वा, काय लख्ख दिसतंय! समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याला मात्र काही म्हणजे काही दिसत नाही. पूर्वी हौशी मंडळी १००/९०चे बल्ब घालायची. त्यात निदान वायरिंग तरी वितळायचं आणि अद्दल घडायची.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६वा नियम मला फार आवडतो. डिपर दिल्यावर आठ मीटरवरच्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत, असं तो सांगतो. आठ मीटर म्हणजे तुमच्या फाटकापासून आमच्या गुलमोहरापर्यंत. गंमत बघा, हा नियम करताना गाडी चालवणाऱ्याचे डोळे हिशेबातच धरले नाहीत, समोरच्याचे धरले. आमच्या लहानपणी मोटारींच्या हेडलाइटचा वरचा भाग काळा रंगवलेला असायचा, आठवतंय? दिसायला गबाळं, पण हेतू हाच. आणि सायकलला दिवा नाही म्हणून पोलीस चाकातली हवा सोडायचे, तेव्हाही सायकलवाल्याला रस्ता दिसावा ही काळजी कमीच होती. तो इतरांना दिसावा, ही होती.

चिरंजीवांना ताम्हिणीला जायचं असतं, धुकं असतं, ठाऊक आहे मला. मग तर टपावरचा दिवा मुळीच कामाचा नाही. धुक्यात वरून टाकलेला पांढरा झोत धुक्यावर आपटून आपल्याच तोंडावर येतो. फॉगलॅम्प लावायला कोणाची ना आहे? दोन लावा, पांढरे किंवा पिवळे, पण हेडलाइटच्या खालच्या उंचीवर. सर्चलाइट, स्पॉटलाइटला १११वा नियम आडवा येतो. नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ते पुढे लावायचेच नाहीत, आणि ती परवानगीसुद्धा अपवाद म्हणून.

ही मानकं दिल्लीत बसून कोणीतरी लिहितं असं समजू नका हं. आपल्या टेकडीवरची ती वाहन-संशोधन संस्था, एआरएआय, आहे ना, १९६६पासूनची, दिव्यांची नि रिफ्लेक्टरची मानकं तिथूनच छापून निघतात. दिवे तिथे तपासलेही जातात. चिरंजीव सकाळी धावायला जातात ते त्याच रस्त्यानं!

आणि ते लाल-निळं तर आजच्या आज काढायला सांगा. १ मे २०१७पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचेसुद्धा लाल दिवे उतरले. आता लुकलुकायचा मान पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका असल्यांचा. पुण्याला हे नव्यानं कोणी शिकवायला नको. जुलै २०२४मध्ये ते पूजा खेडकर प्रकरण गाजलं, ते कशावरून सुरू झालं? प्रशिक्षणार्थी अधिकारी, खासगी ऑडी, तिच्यावर दिवा नि 'महाराष्ट्र शासन'! पोलिसांनी गाडी ताब्यात घेतली, तेव्हा तिच्यावर वीसेक चलनं आधीचीच थकलेली निघाली. पुढे यूपीएससीनं उमेदवारी रद्द केली ती वेगळ्याच कारणांनी, तो भाग निराळा. पण सगळ्यांचं लक्ष आधी गेलं ते दिव्याकडेच.

पोलीस पकडत नाहीत, हे मात्र तुमचं खरं आहे. चौकातल्या कॅमेऱ्याला नंबरप्लेट दिसते, कोणाचे डोळे दिपले ते कुठे दिसतं? आणि लोकांना तरी कुठे कळतं? १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचा दिवा कंपनीतूनच कायम चालू येतो, तरी भरदुपारी अजून कोणीतरी मूठ उघडझाप करून सांगतोच, "दिवा चालू आहे हो!" तोच माणूस रात्री अप्परवर सुसाट जातो.

माझा खरा राग तुमच्या मुलावर नाहीये, वहिनी. शहरातल्या दिव्याखालच्या रस्त्यावर हा एवढा उजेड, आणि इंदापूर-बारामतीकडे उसाची ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी असते, मागे लाल काचेचा तुकडासुद्धा नाही. दर हंगामाला आरटीओ नि कारखाने रिफ्लेक्टर चिकटवायची मोहीम काढतात, मीही जाऊन आलेय. तुमच्या दिरांची ट्रॉली आहे ना कारखान्याला? मग असं करा, ती टपावरची पट्टी परत करून पैसे सुटतील त्यातून त्यांना रिफ्लेक्टिव्ह टेप पाठवा. मागे लाल, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी. वर एआयएस-०९० हे मानक छापलंय का ते बघून घ्या, नुसतं चमकणारं स्टिकर नको. आणि मागच्या फळीवर लावून भागत नाही म्हणावं. ऊस रचला की कांड्या बाहेर लोंबतात आणि फळी झाकून जाते. जाड कापडावर टेप शिवून घ्यायची आणि भरून झाल्यावर ते कापड उसावरून मागे सोडायचं, दोन्ही कोपऱ्यांना दोरीनं बांधून. शिवून मी देते, मशीन आहे माझं. फक्त ट्रॉलीची रुंदी तेवढी विचारून ठेवा.