गार्डाचा डबा

नाना रेल्वेत गार्ड होते. उभी हयात हिरवी झेंडी हलवण्यात गेली, त्यामुळे निवृत्तीनंतर हातात काहीतरी हिरवं हवंच होतं, असं ते स्वतःच सांगतात. तसा चाळीसगावात हिरव्याचा अगदीच दुष्काळ नाही. त्यांच्या दारातला कडुनिंब कुणी न विचारता छपराच्या वर गेलाय. पण विचारल्याशिवाय वाढणाऱ्याचं नानांना कौतुक नाही. त्यांना हवा होता ख्रिसमस ट्री. पुण्याच्या नर्सरीतून त्यांनी तो महाराष्ट्र एक्सप्रेसने आणला. खालच्या बर्थवर कुंडी, आणि रात्रभर दारापाशी नाना.

हे झाड म्हणजे नॉरफोक पाइन, मूळचं पॅसिफिक महासागरातल्या नॉरफोक बेटावरचं. १७७४ साली कॅप्टन कूकला ते दिसलं आणि जहाजाच्या डोलकाठ्यांसाठी त्याचा झाडावर जीव जडला, ही कथा कॉलनीत शेंबड्या पोरालाही पाठ आहे. त्या बेटावर ऐन उन्हाळ्यातही पारा तिशीला पोहोचत नाही, हे नाना फारसं सांगत नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात तो चाळिशी ओलांडून जातो.

त्यामुळे मार्चपासूनच नानांची धावपळ सुरू होते. आधी कुंडी कडुनिंबाच्या सावलीत, मग हिरव्या जाळीखाली, मग भोवती ओलं गोणपाट. झळा लागायला लागल्या की झाड बैठकीच्या खोलीत, कूलरसमोर. आत चुलीपाशी कळण्याच्या भाकरी थापणाऱ्या काकूंचा एकच शेरा असतो, “कूलर झाडले, अन् घाम माले!”

पाण्याचं शास्त्र मात्र नानांना खरंच कळतं. या झाडाला तहानेपेक्षा तुंबलेलं पाणी जास्त मारतं. आपली काळी माती पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात. म्हणून कुंडीत पोयटा, शेणखत आणि जाड वाळू. सकाळी दात घासण्याआधी नाना पेरभर बोट मातीत घालतात. कोरडं आलं तरच पाणी. एका पाहुण्याने मायेने तांब्याभर पाणी ओतलं होतं. त्याला नंतर चहाही विचारला गेला नाही.

झाडाच्या फांद्या एकावर एक अशा मजल्यांनी निघतात. नाना त्यांना डबे म्हणतात. वर नवा मजला फुटला की “नवा डबा लागला” अशी बातमी घरोघर जाते. आणि एका मे महिन्यात सगळ्यात खालचा मजला वाळला. या झाडाची वाळलेली फांदी पुन्हा फुटत नाही. दुसरं कुणी असतं तर कात्रीने कापून मोकळं झालं असतं. पण शेवटचा डबा म्हणजे गार्डाचा! नाना दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

शेजारच्या आप्पांनी एकदा फांदी मागितली. नाना खिन्न हसले. “आप्पा, बाजूची फांदी लावली तर ती जन्मभर आडवीच वाढते. उभं झाड हवं तर शेंडा द्यावा लागतो. आणि शेंडा गेला की याचा बांधाच गेला.” यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. नकार द्यायला इतकं शास्त्रशुद्ध कारण मी आजवर ऐकलेलं नाही.

मग झाड दक्षिणेकडे कलायला लागलं. नानांनी कुंडीखाली फरशीचा तुकडा सरकवला, काठी बांधली, कुंडी फिरवली. शेवटी मुलाने पुण्याहून कळवलं की नॉरफोकच्या नावाने नर्सऱ्या बऱ्याचदा त्याचं भावंड, कूक पाइन विकतात. आणि २०१७ साली संशोधकांनी पाच खंडांतली कूक पाइनची २५६ झाडं मोजली, तर ती विषुववृत्ताकडे सरासरी साडेआठ अंश झुकलेली निघाली. आपल्याला विषुववृत्त दक्षिणेलाच. नानांनी नातवाचा कोनमापक मागवला. तेव्हापासून ते झुकतं म्हणत नाहीत. गावाच्या दक्षिणेच्या पाटणादेवीला नमस्कार करतं म्हणतात.

नाना गाव सोडत नाहीत. धुळ्याचं लग्न असो की नाशिकचं बारसं, काकू एकट्या जातात. कुणी बोललंच तर नाना छायाचित्रकार केकी मूस यांचा दाखला देतात: स्टेशनजवळच्या बंगल्यात वर्षानुवर्षं दाराबाहेर न पडता राहिले, आणि नाव जगभर झालं. काकू म्हणतात, “त्यांनी फोटो तरी काढले.”

तुमचं कधी चाळीसगावला येणं झालं, तर जरूर भेटा. फक्त शेंड्याला हात लावू नका, पाणी घालू नका, आणि डबे मोजताना वाळलेला खालचा डबा धरूनच मोजा. चहा नक्की मिळेल.