मागच्या बाजूचं कीर्तन

औंढ्याच्या नागनाथाचं दर्शन ताठ मानेनं होत नाही. लिंग जमिनीखाली, वाट अरुंद, गाभारा ठेंगणा. इस्त्रीचा सदरा, गॉगल आणि आमदारांची ओळख घेऊन आलेला माणूसही दोन पायऱ्यांत कमरेत वाकतो. मागून रांग रेटत असते, खालून घामानं भिजलेली माणसं वर येत असतात. तिथं कोपरं रोवून उभ्या राहणाऱ्याला देव दिसत नाही, शेजाऱ्याच्या शिव्या तेवढ्या मिळतात. अंग सैल सोडलं की रांगच नेऊन पोचवते.

याच देवळासमोर नामदेव कीर्तन करत होते आणि पुजाऱ्यांनी त्यांना उठवलं, अशी कथा आहे. नामदेव भांडले नाहीत. टाळ उचलले, देवळामागं गेले आणि पुन्हा सुरू झाले. मग देऊळच त्यांच्याकडे फिरलं. म्हणून त्याचं तोंड पश्चिमेला, असं औंढ्यात कुणीही सांगेल. सगळ्यांना देऊळ फिरल्याचं अप्रूप. मला मात्र नामदेवांच्या उठण्याचं वाटतं. जागा सोडली, कीर्तन नाही सोडलं.

घरात वाजलं की मीही निमूट मागच्या अंगणात जातो. घर अजून फिरलेलं नाही. बायको म्हणते, "नुसतं मागं जाऊन भागत नसतं, अभंगही यावे लागतात."

बरं, नामदेवांनाही हे नमणं उपजत येत नव्हतं. गोरोबाकाकांनी मडकं पारखावं तसं थापटणं एकेकाच्या डोक्यावर मारलं तेव्हा बाकीचे संत गप्प बसले, हे चिडले आणि कच्चं मडकं ठरले. मग गुरूच्या शोधात औंढ्याला आले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. पाय काढा म्हटलं, तर म्हातारा म्हणाला, देव नसेल तिथं तूच ठेव. जिथं ठेवावेत तिथं पिंड! तेव्हा कुठं नामदेव नमले.

आणि असे नमले की नरसीचा हा माणूस पुढं थेट पंजाबात घुमानला जाऊन राहिला. गुरु ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत. त्यांना उठवणाऱ्या पुजाऱ्यांपैकी एकाचंही नाव आज औंढ्यात कुणी घेत नाही.