मामा, भाऊ आणि तात्या

इंदापूर-बारामतीत पुढाऱ्याला आडनावाने कुणी ओळखत नाही, नातं लावावं लागतं. साहेब म्हणजे शरद पवार, दादा म्हणजे अजित पवार, ताई म्हणजे सुप्रिया सुळे. 2024 च्या लोकसभेला ताईंसमोर वहिनी, म्हणजे सुनेत्रा पवार, उभ्या राहिल्या. इंदापुरात मामा म्हणजे दत्तात्रय भरणे आणि भाऊ म्हणजे हर्षवर्धन पाटील. एवढ्या गोतावळ्यात तात्यांची जागा तेवढी रिकामी होती, ती डोनाल्ड ट्रम्प यांनी भरून काढली. 2025 च्या जुलैअखेर मामा राज्याचे कृषिमंत्री झाले म्हणून तालुका पेढे वाटत होता, तोच 27 ऑगस्टला तात्यांनी भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांवर नेलं. त्यातलं निम्मं रशियाचं तेल घेतल्याचा दंड! वरकुट्याच्या चहाच्या टपरीवर लगेच दोन तट पडले.

"ह्या गड्याला काय अक्कलच नाय," असं तावातावाने म्हणणारा तोच, ज्याने फेब्रुवारी 2020 मध्ये अहमदाबादचा 'नमस्ते ट्रम्प' बघून आठवडाभर तात्यांचा फोटो स्टेटसला ठेवला होता. आणि "माणूस डेरिंगबाज हाय, बोलंल ते करतो," म्हणणाऱ्याने त्याच वेळी, तात्यांना झोपडपट्टी दिसू नये म्हणून तिथे भिंत बांधली, यावरून टपरी डोक्यावर घेतली होती. तात्या होते तिथेच आहेत. पण समोरचा त्यांना शिव्या घालायला लागला म्हटल्यावर याला त्यांची बाजू घेणं भागच पडलं. आमच्याकडे आधी पार्टी ठरते. मुद्दा मागनं येतो, सवडीने.

तात्यांच्या कारभाराच्या तऱ्हेवर अमेरिकेत रकाने भरून रडारड चालली आहे. शपथ घेतली त्याच दिवशी, 20 जानेवारी 2025 ला, वॉशिंग्टनच्या स्टेडियममध्ये टेबल मांडून त्यांनी हजारो लोकांसमोर आदेशांवर सह्या ठोकल्या आणि पेनं गर्दीत भिरकावली. तिकडच्या संपादकांना यात लोकशाहीचा अंत दिसला. टपरीवर मात्र निव्वळ हळहळ: "आपल्याला येका सहीसाठी कचेरीत चपला झिजवाव्या लागत्यात, आन् ह्यो पेनासकट वाटतोय!"

तात्या 2001 ते 2009 विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या यादीत होते, हे अमेरिकन माणूस दबक्या आवाजात सांगतो. इंदापूरकरांना याचं काय अप्रूप? भाऊ 2019 ला काँग्रेसमधून भाजपमध्ये गेले, तिथे शांत झोप लागते असं जाहीरपणे म्हणाले आणि 2024 ला साहेबांच्या तुतारीच्या आवाजाने उठले. तात्या आणि इलॉन मस्क यांचं जून 2025 मध्ये चव्हाट्यावर भांडण झालं, तेव्हा जगभरच्या वाहिन्यांनी दिवसरात्र चर्चा झोडल्या. 2 जुलै 2023 ला एका दुपारीत आख्खा राष्ट्रवादी पक्ष साहेबांची तुतारी आणि दादांचं घड्याळ असा उभा चिरलेला पाहिलेल्यांना दोन माणसांची फारकत म्हणजे चिल्लर.

आता थोडं डाळिंबाचं. अमेरिकेला जाणाऱ्या भगवा वाणाला आधी वाशीच्या केंद्रात विकिरणातून जावं लागतं. समुद्रमार्गे गेलेली पहिली खेप पाच आठवड्यांनी, मार्च 2025 मध्ये, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागली. बागायतदारांनी मनातल्या मनात डॉलर मोजायला घेतले, तर पाच महिन्यांत शुल्काची भिंत उभी राहिली. वर तात्यांचं म्हणणं, आमचा मका, सोयाबीन आणि दुधाचे पदार्थ तुमच्या बाजारात येऊ द्या. तिकडचा बहुतेक मका जनुक बदललेला, आणि तिकडच्या गाईंच्या खाद्यात मांसजन्य पदार्थ चालतात, म्हणून दिल्ली अडून बसली. घराघरांत गोठा असलेल्या तालुक्याचा हा खरा विषय. टपरीवर त्याचा कुणी शब्द काढला नाही.

काढला तो डेअरीवर दूध घालून परतणाऱ्या एका मावशीने. हातात रिकामी किटली, मुठीत फॅट-एसएनएफची चिठ्ठी. म्हणाली, "आरं, त्यांचं सोडा. त्येंची पावडर हिकडं आली तर साडेतीन फॅटला आपल्याला दर काय गावायचा? मामांना कुणी इचारलं का?"

दोन्ही गट त्या दिवशी पहिल्यांदाच एका सुरात बोलले: "मावशे, ते मागनं बघू. आदी सांग, तू घड्याळाची का तुतारीची?"