व्हॅनमधली ऊब

दिवसभर लोकांच्या घरातले बॉयलर पेटवणारा ब्रिटनमधला प्लंबर दुपारचं सँडविच मात्र स्वतःच्या व्हॅनमध्ये कुडकुडत खातो. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! मग एखाद्या जानेवारीत तो गॅस हीटर बसवायचं मनावर घेतो.

ऊब हवी असेल तर आधी थंडीला आत यायला वाट करून द्या, असं हे शास्त्र. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खाली भोक. हीटर ज्वलनाची हवा बाहेरून घेणार, धूर बाहेरच सोडणार. म्हणून आणखी भोकं. हप्ते चालू असलेल्या व्हॅनच्या पत्र्यावर ड्रिल टेकवताना हात थरथरतो, तो गारठ्यानं नव्हे.

त्यात काटकसर. ब्युटेनचा निळा सिलिंडर शेडमध्ये पडलेलाच आहे! पण शून्याच्या आसपास ब्युटेन वायू व्हायलाच नकार देतं. म्हणजे थंडीत संप, उन्हाळ्यात सेवेला हजर. उणे ४२ अंशांना उकळणारं प्रोपेन लाल सिलिंडरात मिळतं, ते वेगळ्या पैशांत.

खिशात गॅसकामाच्या नोंदणीचं ‘गॅस सेफ’ कार्ड आहे, पण त्याची मागची बाजूही वाचावी लागते. नैसर्गिक वायूचं काम येतं म्हणून एलपीजीला हात लावता येत नाही. मग प्लंबरनंच दुसरा माणूस बोलवायचा, आणि त्याचं बिल बघून ‘लुटतात हो!’ म्हणायचं.

काही बहाद्दर हे सगळं टाळून बंद व्हॅनमध्ये उघड्या ज्योतीची कॅम्पिंगची शेगडीच लावतात. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. या सोयीबद्दल सहसा तक्रार करायला कुणी परत येत नाही.